शाश्वत, दिगो, टेकसई : शाश्वत विकासाच्या शिक्षणाचा दक्षिण आशियाई प्रवास

शिक्षणविचाराचे इतिहास बहुधा दोन प्रकारे लिहिले जातात. एक प्रकार थोर व्यक्तींच्या चरित्रांचा, दुसरा सरकारी आयोगांचा आणि धोरणांचा. तिसराही एक प्रकार संभवतो, पण तो क्वचितच हाताळला जातो. तो म्हणजे संस्था, शिक्षक आणि शब्द यांच्या एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात होणाऱ्या ये-जेचा इतिहास. ‘शाश्वत विकासासाठी शिक्षण’ या नावाने गेली काही दशके ओळखल्या जाणाऱ्या विचाराकडे आम्ही प्रस्तुत लेखात या तिसऱ्या अंगाने पाहणार आहोत. आमचा भर दक्षिण आशियावर राहील.

साहित्याच्या विद्यार्थ्याने आणि अध्यापकाने या विषयात लक्ष का घालावे, असा प्रश्न स्वाभाविक आहे. याला एक व्यावहारिक उत्तर आहे. पदवीच्या सर्व शाखांना पर्यावरणाचा अभ्यासक्रम सक्तीचा झाल्यापासून तो शिकवण्याची जबाबदारी अनेक महाविद्यालयांत भाषेच्या अध्यापकांवरही येऊन पडलेली आहे. परंतु आम्हाला महत्त्वाचे वाटते ते दुसरे उत्तर. ही चळवळ मोठ्या प्रमाणावर जाहीरनाम्यांतून वाढली. जाहीरनामा हा शब्दांचा व्यवहार आहे आणि जिथे शब्द सीमा ओलांडतात तिथे भाषांतराचा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाकडे शिक्षणतज्ज्ञांनी फारसे लक्ष दिले नाही आणि भाषेच्या अभ्यासकांना तो आपला वाटला नाही.

प्रदेश नावाची सोय

जून १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणावरील संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. तिच्या ९६ व्या शिफारशीने पर्यावरणशिक्षणाचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम आखण्याचे सुचवले. त्यानुसार १९७५ मध्ये युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी असा संयुक्त कार्यक्रम सुरू केला. तो वीस वर्षे, म्हणजे १९९५ पर्यंत चालला. ऑक्टोबर १९७५ मध्ये बेलग्रेड येथे तज्ज्ञांची कार्यशाळा झाली आणि तिथे या शिक्षणाची सनद तयार झाली. दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९७७ मध्ये, तत्कालीन सोव्हिएत संघातील जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसी येथे, सरकारांच्या पातळीवरची परिषद झाली. जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग ही पर्यावरणशिक्षणाची पाच उद्दिष्टे तिथे निश्चित झाली. आजही अध्यापक महाविद्यालयांत ती शिकवली जातात.

बेलग्रेड आणि तिबिलिसी यांच्या दरम्यान घडलेली एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. बेलग्रेडच्या सनदेवर विचार करण्यासाठी जगाचे पाच भाग पाडून प्रत्येक भागाची स्वतंत्र बैठक बोलावण्यात आली. १९७६ मध्ये आफ्रिकेची ब्राझाव्हिलला, आशियाची बँकॉकला, अरब देशांची कुवेतला, लॅटिन अमेरिकेची बोगोटाला आणि जानेवारी १९७७ मध्ये युरोपची हेलसिंकीला. या विषयातील प्रादेशिक सहकार्याची ही औपचारिक सुरुवात म्हणता येईल. तथापि येथे ‘प्रदेश’ म्हणजे काय होते? नद्या, पर्जन्य, पिके किंवा भाषा यांच्या नात्याने बांधलेला भूभाग नव्हे. युनेस्कोच्या कार्यालयीन नकाशावरचा तो एक विभाग होता. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील देशांना एकमेकांशी काय बोलायचे आहे, हे विचारणारी स्वतंत्र बैठक त्या वर्षी झाली नाही. दक्षिण आशिया बँकॉकच्या विशाल आशियात सामावून गेला.

नकाशाबाहेरचे एक जाळे

याचा अर्थ या प्रदेशाकडे स्वतःची परंपरा नव्हती असा नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि एखादा उत्पादक हस्तोद्योग हे शिकण्याचे केंद्र, ही तत्त्वे तिथे मांडली गेली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्यावर अभ्यासक्रम रचला. या ‘नई तालीम’च्या कामासाठी स्थापन झालेल्या हिंदुस्तानी तालीमी संघाचे चिटणीस होते ई. डब्ल्यू. आर्यनायकम्. ते मूळचे सिलोनमधील, म्हणजे आजच्या श्रीलंकेतील तमिळ. शांतिनिकेतनात रवींद्रनाथांच्या सहवासात काही काळ घालवून ते सेवाग्रामला आले. त्यांच्या सहधर्मचारिणी आशादेवी बंगाली होत्या. जाफना, बोलपूर आणि वर्धा यांना जोडणारी ही वाट कोणत्याही आंतरराष्ट्रीय संस्थेने आखलेली नव्हती.

याच वर्ध्यात मगनवाडी येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पा करत होते. १९४२ नंतरच्या कारावासात त्यांनी लिहिलेला आणि १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हा ग्रंथ आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. निसर्गातील जीवव्यवहारांवरून कुमारप्पांनी अर्थव्यवस्थांचे पाच प्रकार कल्पिले आणि परोपजीवी व्यवस्थेपासून सेवेच्या व्यवस्थेपर्यंत त्यांची चढती मांडणी केली. निसर्गाचे चक्र न मोडणारा व्यवहार तोच टिकाऊ, असा त्यांचा निकष होता. ‘पर्मनन्स’ या शब्दाकडे आपण पुढे पुन्हा येऊ.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘आमच्याकडे हे सारे आधीच होते’ असे म्हणण्याचा मोह आपल्या लेखनात वारंवार आढळतो. नई तालीमचा प्रश्न वेगळा होता. दरिद्री देशात शाळा स्वावलंबी कशी होईल आणि बुद्धीचे काम व हाताचे काम यांतील दरी कशी मिटेल, हा तो प्रश्न. रासायनिक प्रदूषण किंवा हवामानबदल तिच्या विचारकक्षेत नव्हते आणि असणे शक्यही नव्हते. साम्य आहे ते पद्धतीत. शिकणाऱ्याचा परिसर हीच शिक्षणाची पहिली सामग्री, हा विचार दोन्हीकडे आढळतो.

या परंपरेचा प्रादेशिक प्रवास पाहायचा तर श्रीलंकेकडे वळावे लागते. १९५८ मध्ये कोलंबोच्या नालंदा विद्यालयातील तरुण अध्यापक ए. टी. अरियरत्ने यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन कनाथोलुवा या उपेक्षित खेड्यात श्रमदानाचे शिबिर भरवले. त्यातूनच ‘सर्वोदय श्रमदान’ ही चळवळ उभी राहिली आणि हजारो खेड्यांत पोचली. (अरियरत्ने यांचे निधन २०२४ मध्ये झाले.) गांधीजींचा ‘सर्वोदय’ म्हणजे सर्वांचे कल्याण. अरियरत्ने यांनी बौद्ध परंपरेच्या प्रकाशात त्याचा अर्थ ‘सर्वांची जागृती’ असा घेतला. शब्दाने समुद्र ओलांडला, पलीकडच्या भूमीत रुजला आणि रुजताना त्याचा अर्थ पालटला. अर्थाचा हा पालट चळवळीच्या मुळावर आला नाही, उलट त्यामुळेच ती तिथली झाली. प्रादेशिक सहकार्य यशस्वी होते म्हणजे काय होते, याचे इतके स्पष्ट उदाहरण आम्हाला दुसरे दिसत नाही.

ऐंशीचे दशक : सरकारांचे सहकार्य, संस्थांचे सहकार्य

१९८२ मध्ये दक्षिण आशियाई सहकारी पर्यावरण कार्यक्रम कोलंबो येथे मुख्यालय ठेवून अस्तित्वात आला. डिसेंबर १९८५ मध्ये ढाका येथे ‘सार्क’ची स्थापना झाली. या दोहोंच्या मधल्या काळात, ऑगस्ट १९८४ मध्ये, अहमदाबाद येथे पर्यावरण शिक्षण केंद्र सुरू झाले. भारत सरकारचे पर्यावरण खाते आणि नेहरू विकास प्रतिष्ठान यांच्या सहयोगातून उभ्या राहिलेल्या या संस्थेचे नेतृत्व आरंभापासून कार्तिकेय साराभाई यांनी केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात भोपाळची वायुदुर्घटना घडली आणि पर्यावरण हा विषय वनांपुरता व वन्यप्राण्यांपुरता मर्यादित नाही, याची जाणीव देशाला फार मोठ्या किमतीला झाली.

या काळात सहकार्याच्या दोन रीती शेजारी-शेजारी वाढल्या. पहिली रीत सरकारांची : मंत्र्यांच्या बैठका, संमतीने काढलेली निवेदने, कृतियोजना. दुसरी संस्थांची : शिक्षकांची प्रशिक्षणे, एकमेकांचे साहित्य वापरून पाहणे, माणसांची देवघेव. नव्वदच्या दशकात आकाराला आलेले दक्षिण व आग्नेय आशियाई पर्यावरण शिक्षण जाळे हे दुसऱ्या रीतीचे अपत्य होय. सरकारांमधील संबंध ताणले गेले की पहिली रीत थबकते. दुसरीलाही झळ लागते, कारण व्हिसा शेवटी सरकारच देते. पण ती पूर्णतः थांबत नाही.

देशांतर्गत जाळ्यांचेही एक उदाहरण येथे नोंदवणे इष्ट ठरेल. मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये सोळा शाळांत सुरू झाला. पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने तो वाढवला आणि सुमारे हजार शाळांपर्यंत नेला. पाठ्यपुस्तकातील उत्तर पाठ करण्याऐवजी मुलांनी आपल्या गावाच्या परिसरात प्रयोग करून ते शोधावे, हे त्याचे सूत्र. विद्यापीठांतील वैज्ञानिक आणि खेड्यांतील शिक्षक यांचे ते एक सजीव जाळे होते. २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला. १९७२ आणि २००२ या दोन तारखा योगायोगाने स्टॉकहोम आणि जोहान्सबर्ग या परिषदांच्याही आहेत. जगात ज्या तीस वर्षांत या शिक्षणाची परिभाषा घडली, त्याच तीस वर्षांत आपल्याकडे त्याचा एक प्रत्यक्ष प्रयोग वाढला आणि संपवला गेला. परिभाषेच्या इतिहासात त्याला जवळजवळ स्थान नाही.

दक्षिणेकडील आफ्रिकेचा दाखला

तुलनेसाठी आफ्रिकेच्या दक्षिण भागाकडे पाहणे उद्बोधक ठरते. तेथील पर्यावरण शिक्षकांची संघटना १९८२ मध्ये स्थापन झाली. वंशभेदाचे राज्य संपत असताना, १९९२ मध्ये, दक्षिण आफ्रिकी विकास समुदाय आकाराला आला. नव्वदच्या दशकातच या समुदायाचा प्रादेशिक पर्यावरण शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. हॉविक गावाजवळच्या उमगेनी खोऱ्यात, एका निसर्गसंवर्धन संस्थेच्या आवारात, त्याचे केंद्र होते. स्वीडनने अर्थसाहाय्य दिले आणि ऱ्होड्स विद्यापीठाने अभ्यासक्रमाची बाजू सांभाळली.

या कार्यक्रमाची पद्धत लक्षणीय होती. निरनिराळ्या देशांतील शिक्षक आणि वनाधिकारी काही आठवडे त्या केंद्रात येऊन राहत. तिथला साहित्यसंग्रह ते पाहत, त्यातील एखादी पुस्तिका निवडत आणि आपल्या गावाच्या गरजेनुसार ती नव्याने लिहून घेऊन परत जात. मूळ पुस्तिकेवर हक्क सांगण्यापेक्षा तिची रूपे वाढावीत, याला महत्त्व होते. इंग्रजी, फ्रेंच आणि पोर्तुगीज अशा तीन राजभाषा आणि त्यांखाली असंख्य लोकभाषा असलेल्या प्रदेशात याखेरीज दुसरा मार्गही नव्हता. भाषांतर हे छपाईपूर्वीचे शेवटचे तांत्रिक काम न राहता शिकण्याची पहिली पायरी बनले. हा कार्यक्रम आज पूर्वीच्या स्वरूपात चालू नाही, पण त्याने घडवलेले शिक्षक त्या प्रदेशातील विद्यापीठांत आणि संस्थांत विखुरले गेले. जाळ्याचे आयुष्य संस्थेच्या आयुष्याहून मोठे असू शकते, याचा हा पुरावा.

‘साठी’ या शब्दयोगी अव्ययाचा वाद

१९८७ मध्ये ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालाने ‘सस्टेनेबल डेव्हलपमेंट’ ही संज्ञा जगभर रूढ केली. भावी पिढ्यांच्या गरजा भागवण्याच्या क्षमतेला बाध न आणता आजच्या गरजा भागवणारा विकास, हा तिचा आशय. १९९२ च्या रिओ परिषदेतील ‘अजेंडा २१’च्या ३६ व्या प्रकरणाने शिक्षणाची दिशा या विकासाकडे वळवण्याचे आवाहन केले. डिसेंबर १९९७ मध्ये ग्रीसमधील थेस्सालोनिकी परिषदेत पर्यावरणशिक्षण आणि शाश्वततेचे शिक्षण यांची सांगड घातली गेली. २००२ मध्ये जोहान्सबर्गच्या शिखर परिषदेत जपानने पुढाकार घेतला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००५ ते २०१४ हे ‘शाश्वत विकासासाठी शिक्षणाचे दशक’ म्हणून जाहीर केले.

नाव बदलले की कामही बदलते. कॅनडातील अभ्यासक बॉब जिकलिंग यांनी १९९२ मध्येच एका निबंधातून या नावाला हरकत घेतली होती. त्यांचा आक्षेप, मराठी व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर, ‘साठी’ या शब्दयोगी अव्ययावर होता. शिक्षण आधीच ठरलेल्या एखाद्या उद्दिष्टासाठी असेल, तर त्या उद्दिष्टावरच शंका घेण्याची मोकळीक विद्यार्थ्याला कशी उरणार? ‘विकास’ ही वादग्रस्त कल्पना आहे. तिचा पुरस्कार करणारे शिक्षण हे शिक्षण न राहता प्रचार होण्याचा धोका आहे. साहित्याच्या वर्गात ‘अमुक मूल्य बिंबवण्यासाठी कविता’ असा उल्लेख आला की आपल्याला जी अस्वस्थता वाटते, तिचीच ही जातकुळी. दशकाच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे असे की दारिद्र्य, विषमता आणि उपभोग हे प्रश्न ‘पर्यावरण’ या नावाखाली मागे पडत होते, ‘विकास’ हा शब्द आल्यामुळे त्यांना वर्गात प्रवेश मिळाला. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आमच्या मते हा वाद मिटवण्याची गरजच नाही. तो वर्गात जिवंत ठेवणे हेच चांगल्या शिक्षणाचे लक्षण ठरेल.

दशकाच्या आरंभीच प्रादेशिक सहकार्याची दोन परस्परविरुद्ध रूपे पुढे आली. मार्च २००५ मध्ये युरोपच्या आर्थिक आयोगाच्या क्षेत्रातील देशांनी व्हिल्नियस येथे सामायिक व्यूहनीती स्वीकारली. हा सरकारांचा प्रदेश. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या जपानमधील संस्थेने ‘प्रादेशिक तज्ज्ञता केंद्रां’ची कल्पना प्रत्यक्षात आणली. बार्सिलोना, सेंदाई, ओकायामा, पेनांग, टोरोंटो, पॅसिफिक आणि ऱ्हाइन-म्यूज ही पहिली सात केंद्रे. पुढे त्यांची संख्या दीडशेच्या वर गेली. पुणे, मुंबई आणि गोवा ही नावेही पुढे त्या यादीत आली. या योजनेत ‘प्रदेश’ शब्दाचा अर्थच उलटला. बँकॉकच्या बैठकीत प्रदेश म्हणजे अर्धे खंड होते, इथे प्रदेश म्हणजे एक शहर आणि त्याचा भोवताल. ‘केंद्र’ या नावाची इमारतही आवश्यक नाही. त्या परिसरातील विद्यापीठ, शाळा, नगरपालिका, संग्रहालय आणि स्वयंसेवी संस्था यांनी एकत्र येऊन बांधलेले नाते म्हणजेच केंद्र. ऱ्हाइन आणि म्यूज या नद्यांचे नाव घेणारे केंद्र तर अनेक देशांच्या सीमा ओलांडते. नदीला प्रदेश मानण्याचे जे काम १९७६ मध्ये झाले नव्हते, त्याची ही एक छोटी भरपाई मानता येईल.

अहमदाबाद

दशकाचा आशियाई इतिहास अहमदाबादशिवाय पूर्ण होत नाही. जानेवारी २००५ मध्ये तिथे दशकाची एक प्रारंभिक आंतरराष्ट्रीय परिषद झाली. नोव्हेंबर २००७ मध्ये पर्यावरणशिक्षणाची चौथी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिबिलिसी, मॉस्को (१९८७) आणि थेस्सालोनिकी यांच्यानंतरची ही परिषद प्रथमच दक्षिण आशियात आली. तिच्या जाहीरनाम्याने उत्पादन आणि उपभोगाच्या रूढ पद्धतींवर बोट ठेवले, जीवनशैलीचा प्रश्न केंद्रस्थानी आणला आणि शिक्षण ही देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जाणारी वस्तू नसून सर्वांनी एकमेकांपासून शिकण्याची प्रक्रिया आहे, असा सूर लावला. गांधीजींच्या जीवनाची आठवणही त्यात होती. सत्तर वर्षांपूर्वी वर्ध्यात मांडलेला विचार आंतरराष्ट्रीय भाषेत प्रथमच इतक्या ठळकपणे उमटला, असे म्हणता येईल. तो उमटला इंग्रजीत. नई तालीमने मात्र मातृभाषेला पहिले स्थान दिले होते, हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही.

एक संज्ञा, सात शब्द

आता शब्दांकडे वळू. ‘सस्टेनेबल’मागील कल्पनेचे एक मूळ जर्मन वनशास्त्रात आहे. १७१३ मध्ये हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी खाणींसाठी होणाऱ्या जंगलतोडीने अस्वस्थ होऊन असे प्रतिपादन केले की जेवढे पुन्हा वाढेल तेवढेच लाकूड तोडावे. म्हणजे ही कल्पना मुळात लाकूडतोडीच्या हिशेबाची. ती दक्षिण आशियाच्या भाषांत आली तेव्हा काय झाले?

नेपाळीने ‘दिगो विकास’ म्हटले. दिगो म्हणजे दीर्घकाळ टिकणारा. बांगला भाषेने ‘टेकसई उन्नयन’ म्हटले. त्यातील ‘टेक’मध्ये आपल्या ‘टिकणे’चा आवाज ऐकू येतो आणि टेकसई हे विशेषण कापडालाही लावता येते. उर्दूने ‘पायेदार तरक्की’ म्हटले. पायेदार म्हणजे पाय भक्कम रोवलेला. सिंहलीने ‘तिरसार संवर्धन’ म्हटले. स्थिर आणि सार यांची आठवण करून देणारे विशेषण, आणि विकासासाठी चक्क ‘संवर्धन’, जो शब्द आपण रोपट्यासाठी आणि वनांसाठी राखून ठेवला आहे. गुजरातीत ‘टकाउ विकास’ चालतो. हिंदीने ‘सतत विकास’ स्वीकारला, ज्यात न थांबण्याचा भाव आहे. आणि मराठीने ‘शाश्वत विकास’ निवडला.

या सातांत मराठीचा शब्द सर्वांत तत्त्वज्ञानी आहे. ‘शाश्वत’ हे विशेषण आपल्या वाङ्मयात आत्म्याला, सत्याला, धर्माला लागत आले. त्याच्या समोर ‘क्षणभंगुर’ उभे असते. ऐहिक ते सारे अशाश्वत, ही शिकवण कीर्तनांतून आणि प्रवचनांतून शतकानुशतके मुरलेल्या भाषेने विकासासारख्या पूर्णतः ऐहिक व्यवहाराला ‘शाश्वत’ म्हणावे, ही साधी गोष्ट नव्हे. या निवडीने काही गमावले. टेकसई म्हटले की कुणीही विचारू शकतो : किती दिवस टिकेल? पायेदार म्हटले की पाया तपासावासा वाटतो. ‘शाश्वत’पुढे असा प्रश्न विचारायला जीभ कचरते. शब्द इतका उंचावर जाऊन बसला की सरकारी जाहिरातीत तो शोभून दिसतो आणि शेताच्या बांधावर परका वाटतो. जे मुळात हिशेबाचे होते ते आशीर्वादासारखे झाले.

आणि काही कमावलेही. कुमारप्पांचा ‘पर्मनन्स’ मराठीत आणायचा तर ‘शाश्वत’ हाच शब्द हाताशी येतो. त्यामुळे मराठी वाचकाला ब्रुंटलँड आणि मगनवाडी या दोन टोकांना एकाच शब्दाने जोडता येते, जे मूळ इंग्रजीत सहज शक्य नाही. विकास जर खरोखर शाश्वत म्हणवून घेत असेल तर त्याने कुमारप्पांच्या कसोटीला उतरावे, असे म्हणण्याचा अधिकार या शब्दाने आपल्याला दिला आहे. तो आपण अद्याप वापरलेला नाही, इतकेच.

आमचा मुद्दा कोणता शब्द योग्य हा नाही. हे सात शब्द शेजारी-शेजारी ठेवून एखाद्या प्रादेशिक कार्यशाळेत नेपाळी, बंगाली, सिंहली आणि मराठी शिक्षकांनी तासभर चर्चा केली असती, तर प्रत्येकाला आपापल्या समाजाची विकासाकडे पाहण्याची दृष्टी उमगली असती. परंतु सार्कची कामकाजाची भाषा इंग्रजी आणि जाळ्यांचीही इंग्रजीच. इंग्रजीमुळे हे सहकार्य शक्य झाले, हे निर्विवाद. पण तिच्यामुळेच सर्वजण एकच शब्द उच्चारत राहिले आणि सर्वांना एकच अर्थ अभिप्रेत आहे असा समज दृढ झाला. साने गुरुजींनी स्वातंत्र्याच्या काळात ‘आंतरभारती’चे स्वप्न पाहिले, ते शेजाऱ्याची भाषा शिकल्याशिवाय शेजारी समजत नाही या जाणिवेतून. त्या स्वप्नाची दक्षिण आशियाई आवृत्ती कुणी काढली नाही.

२०१४ आणि नंतर

दशकाचा समारोप १० ते १२ नोव्हेंबर २०१४ या दिवशी जपानमधील आयची-नागोया येथे झाला. त्याच महिन्याच्या २६ व २७ तारखेला काठमांडू येथे सार्कची अठरावी शिखर परिषद झाली. पुढची परिषद २०१६ मध्ये इस्लामाबादला व्हायची होती, ती रद्द झाली आणि त्यानंतर शिखर परिषद भरलेली नाही. एकीकडे जागतिक कार्यक्रम पुढे सरकत राहिला : २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत चौथ्या उद्दिष्टाच्या सातव्या लक्ष्यात या शिक्षणाला स्थान मिळाले आणि मे २०२१ मध्ये बर्लिन जाहीरनामा संमत झाला. दुसरीकडे आपल्या प्रदेशाचे सरकारी व्यासपीठ स्तब्ध झाले. जग आणि गाव यांच्यामधली पायरी अशी मोडून पडली.

वस्तुतः गरज याच पायरीची होती. १९९८ मध्ये मालदीवची राजधानी माले येथे वायुप्रदूषण आणि त्याचे सीमापार परिणाम यांविषयीच्या जाहीरनाम्यावर दक्षिण आशियाई देशांनी सहमती दर्शवली, तेव्हाच हे मान्य झाले होते की हवा पारपत्र दाखवत नाही. हिवाळ्यात लाहोर आणि दिल्ली एकाच धुरक्यात गुदमरतात. दोन्ही शहरांतील शाळा बंद राहतात आणि दोन्हीकडच्या मुलांना आपापल्या पुस्तकात प्रदूषणाची व्याख्या पाठ करावी लागते. त्या दोन वर्गांनी एकमेकांना पत्र लिहावे, अशी सोय मात्र कोणत्याही जाहीरनाम्याने केलेली नाही.

परिसर ते पर्यावरण

शेवटी आपल्या वर्गाकडे येऊ. २२ नोव्हेंबर १९९१ रोजी एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले आणि अंमलबजावणी रेंगाळल्यावर डिसेंबर २००३ मध्ये पुन्हा कान उपटले. विद्यापीठ अनुदान आयोगासाठी पदवीस्तरावरील पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. इराच भरूचा यांनी लिहिले. त्यात क्षेत्रभेटींना आणि स्वतःच्या निरीक्षणाला जागा ठेवलेली आहे. प्रत्यक्षात मात्र हा विषय गुणपत्रिकेतील एक ओळ बनला, याची कबुली अध्यापक खासगीत देतात.

प्राथमिक वर्गात आपल्या पाठ्यपुस्तकाचे नाव ‘परिसर अभ्यास’ असे आहे. परिसर म्हणजे अंगण, ओढा, आठवड्याचा बाजार, कुंभाराचे चाक. वरच्या वर्गात त्याचे ‘पर्यावरण’ होते आणि महाविद्यालयात पोचेपर्यंत ‘शाश्वत विकास’. वय वाढते तसा शब्द मोठा होतो आणि वस्तू लांब जाते. या लेखात पाहिलेल्या अर्ध्या शतकाच्या प्रवासाचीच ही एका विद्यार्थ्याच्या आयुष्यातील छोटी प्रत आहे.

हा प्रवास उलट दिशेने करून दाखवणे भाषेच्या अध्यापकाला शक्य आहे. मोठ्या शब्दाखालची लहान वस्तू पुन्हा दिसू लागावी, हे तर कवितेच्या वर्गातले रोजचे काम. ‘शाश्वत’ म्हणजे काय, कुणासाठी, किती काळ, हे प्रश्न विद्यार्थ्याने आपल्या ओढ्याविषयी स्वतःच्या बोलीत विचारावेत. त्याच प्रश्नांना नेपाळी, बांगला आणि उर्दू भाषांनी काय नावे दिली ते त्याने पाहावे. एवढ्यासाठी शिखर परिषद भरण्याची वाट पाहावी लागत नाही. सोलापूरच्या आणि सिल्हटच्या वर्गाला जोडायला एक भाषांतरकार पुरतो. असे भाषांतरकार घडवणे हे भाषा विभागांचे काम आहे. या शिक्षणाच्या पन्नास वर्षांच्या इतिहासात आजवर रिकामी राहिलेली जागाही तीच आहे.